टॉवेलाखालचे त्रेचाळीस सेकंद

सकाळी साडेनऊला मुरुमच्या मंगल कार्यालयात खुर्च्या एकशेवीस होत्या, त्यांतल्या त्र्याहत्तर भरलेल्या. मागच्या खोलीत उडदाचे दोनशे बारा कट्टे, म्हणजे पोती, होती. भाषा तीन होत्या, मराठी, कानडी आणि तमिळ. दुभाषी एकही नव्हता.

शिवलीलानं हे वहीत लिहून शून्याखाली रेघ ओढली. ती शेतकरी कंपनीची सचिव होती. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली, त्यामुळं मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कानडीची चिंता नव्हती, निम्मं मुरुम कानडीतच भांडतं. घोडं अडलं होतं तमिळवर. तमिळनाडूतल्या विरुदुनगरचे एक खरेदीदार कालच आळंदच्या रस्त्यानं येऊन पोचले होते, पण त्यांच्यासाठी ठरवलेल्या दुभाषी शांताक्का सोलापूरहून येताना नळदुर्गला अडकल्या होत्या. पुढच्या ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी शिवलीलाच दारोदार फिरली होती. "उडीद सुटा विकू नका, एका जागी ठेवा, मी चांगलं गिऱ्हाईक आणते." एकसष्ट घरांनी तिचा शब्द मानला. सोमवारी दाण्यातला ओलावा ११.२ टक्के होता. त्यानंतर दोन दिवस पाऊस हटला नव्हता आणि खरेदीदारांची अट होती, बाराच्या वर माल नको. आज हे गिऱ्हाईक गेलं, तर कट्ट्यांना बुरशी धरायला आठवडा पुरला असता.

"मेळावा पुढं ढकलू," कंपनीचे अध्यक्ष सिद्रामप्पा म्हणाले. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेला हा माणूस, खांद्यावरचा टॉवेल झोपेतही काढत नसे.

"ढकलायला पाहुणे थांबायला हवेत ना, आप्पा! त्यांचा कानडी ड्रायव्हर म्हणतोय, बारानंतर आळंदचा रस्तापण बंद व्हईल."

तिनं शांताक्कांना फोन लावून तो मंडपवाल्याच्या स्पीकरला जोडला. नळदुर्गच्या एका ढाब्यातून शांताक्कांचा आवाज आला, मागं ट्रकचे हॉर्न.

"पोरी, इथं लाईट न्हाय. फोन एकतीस टक्क्यांवर हाय. आन् ह्या हॉर्नात मला काय ऐकू यायचं?"

"आत कुठं जागा हाय का?"

"कांद्याची खोली हाय. बसते तिथंच. बावीस वर्षं मदुराईत काढली, आता कांद्यात बसून तमिळ बोलायचं लिवलं होतं नशिबात!"

शिवलीलानं सगळ्यांना नियम सांगितला. एका वेळी एकानं बोलायचं, एक वाक्य झालं की थांबायचं. शांताक्कांचं भाषांतर चार सेकंदांनी येई. आठ सेकंद काहीच ऐकू आलं नाही, की त्या विचारत, "लाईन हाय का?"

तास बरा गेला. दाणा, वाण, पोत्याचं वजन, गाडीची सोय, एकेक विषय मार्गी लागला. मग क्विंटलच्या भावाची गोष्ट निघाली आणि सिद्रामप्पांनी सवयीनं खांद्यावरचा टॉवेल ओढला, पाहुण्यांचा उजवा हात हातात घेतला आणि वरून टॉवेल टाकला.

सभागृह गप्प झालं. टॉवेलाखाली हात गेला की कुणी खोकतही नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाव बोटांनी ठरतो, तोंडानं नाही.

"लाईन हाय का? हॅलो? शिवलीला?" स्पीकर गरजला.

सिद्रामप्पांनी डोळे वटारले. "तिला गप कर की!"

आणि शिवलीलानं आवाज दोन्हीकडून बंद केला. तिला काही वावगं वाटलंच नाही. आजोबांबरोबर ती बाजारात असंच श्वास धरून उभी राहिली होती. त्रेचाळीस सेकंद गेले. घड्याळ बघायची तिला सवयच होती.

"झाला सौदा!" सिद्रामप्पांनी टॉवेल झटकला. "साडेसात हजार!"

टाळ्या पडल्या. पाहुणे मात्र आपल्या हाताकडं बघत राहिले. मग तमिळमध्ये काहीतरी घाईघाईनं बोलले आणि ड्रायव्हरला खूण केली.

शिवलीलानं आवाज चालू केला आणि पाहुण्यांना तेच पुन्हा बोलायला खुणेनं सांगितलं. शांताक्का म्हणाल्या, "ते म्हणतायत, मी भाव बोललोच न्हाय. कसला सौदा?"

सिद्रामप्पांचा चेहरा काळवंडला. "वरचे सात हजार सगळ्यांना ठाऊक, बोट म्हंजे शंभर. म्या पंजा आन् एक बोट धरलं, सात हजार सहाशे. ह्यांनी नुसता पंजा दाबला. पंजा म्हंजे पाचशे. हात दिला आन् फिरले? चाळीस सालांत कुणी फिरलं न्हाय माझ्यासंगं!" ते उठले.

"बसा आप्पा." शिवलीला आडवी आली. "चूक माझी हाय. म्या फोन बंद केला. अक्कांना ना ऐकू आलं, ना दिसलं. पाहुण्यांना कोण सांगणार होतं?"

तिनं माइक हातात घेतला आणि टॉवेलाखालची सगळी रीत, बोटं, पंजा, वाक्यावाक्यानं सांगितली. चार चार सेकंदांनी ती तमिळ होत गेली. पाहुणे ऐकत होते, ड्रायव्हर दारात किल्ली वाजवत होता.

"ते म्हणतात," शांताक्का बोलल्या, "वडीलधाऱ्यानं हात धरला, म्हणून मानानं दाबला. भाव बोलायचाय, पण सगळ्यांसमोर, तोंडानं. लवकर करा, फोन चार टक्के."

सगळे सिद्रामप्पांकडं बघू लागले. त्यांनी कधीच भाव चारचौघांत उच्चारला नव्हता. तसं करणं म्हणजे त्यांच्या लेखी अंगावरचं धोतर फेडणं.

पुढच्या रांगेतून गिरिजाबाई ओरडल्या, "बोला की आप्पा! माझे अकरा कट्टे हायती त्यात. लाज राखून उडीद वाळतो व्हय?"

सिद्रामप्पांनी टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला. "साडेसात हजार," ते पुटपुटले.

"मोठ्यानं, आप्पा. नळदुर्गला ऐकू जाऊ द्या."

"साडेसात हजार!"

चार सेकंद. मग पाहुण्यांचं उत्तर, मग शांताक्का: "सात हजार तीनशे. सगळ्या मालाचा सौदा आजच. पण ओलावा बाराच्या आत, आन् मोजायचा कट्टा ते सांगतील तो."

सिद्रामप्पांनी गिरिजाबाईंकडं बघितलं, गिरिजाबाईंनी मान हलवली. "कबूल," ते मोठ्यानं म्हणाले. हे तमिळमध्ये गेलं आणि पाठोपाठ नळदुर्गचा आवाज तुटला.

पाहुणे मागच्या खोलीत गेले. वरचे कट्टे त्यांनी बघितलेच नाहीत. खिडकीखाली, जिथं पावसाची झड आत येत होती, तिथल्या सगळ्यात खालच्या कट्ट्यावर त्यांनी बोट ठेवलं. चौघांनी वरचे कट्टे हटवले, शिवलीलानं टोकदार नळी खुपसून मूठभर उडीद काढला, ओलावा मोजायच्या मीटरच्या वाटीत भरला, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मीटरवर आकडा स्थिर झाला. ११.८ टक्के.