दुमेन गल्लीतली खोली

माझा भाऊ नूमा साखरेचा मोठा अडत्या. न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर त्याला विचारल्याशिवाय पिंप हलत नाही आणि घरात त्याला विचारल्याशिवाय आम्ही दोघी हलत नाही. दोघी म्हणजे त्याची बायको ओदिल आणि मी अझेली, त्याची बिनलग्नाची थोरली बहीण.

ओदिलच्या हातात कला आहे. थडग्यावर वाहायचे मण्यांचे हार ती असे ओवते, की सर्व संतांच्या सणाला थडगी सजवायला आलेलं अख्खं गाव आमच्या घराण्याच्या थडग्यापाशी घुटमळतं. तिला ते विकायचे होते. दुमेन गल्लीत एक खोली रिकामी होती, मालकीणबाई द्यायलाही तयार होत्या. पण कायदाच असा मेला, की नवऱ्याच्या सहीशिवाय बायकोचा भाडेकरार होत नाही.

"देलाव्हीनांची सून मढ्यांचे हार विकणार?" नूमानं जेवता जेवता चमचा खाली ठेवला. "लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"मग त्यांना सांगा, बायकोला घरात कंटाळा येतो."

"कंटाळा येतो तर ओव की घरात. कोणी अडवलंय?"

"घरात ओवलेले तुमचे होतात," ओदिल म्हणाली. "मला माझे हवेत."

मी मध्ये पडले, अर्थात भावाच्या बाजूनं. "अगं, काय कमी आहे तुला इथे?" तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला इतका राग आला की मी ताटावरून उठले.

नवरा अडून बसला तर त्याला न्यायाधीशापुढे बोलावता येतं, हेही त्याच कायद्यात आहे. ओदिलनं बोलावलं. गावाला आयताच विषय मिळाला. घोडागाडीत नूमा मला पढवत होता, "ताई, विचारलं तर एवढंच सांग, तिला काही कमी नाही."

न्यायाधीशांनी विचारलं, "तुमची हरकत काय?"

"ती माझी बायको आहे."

"ते कागदावर लिहिलंय. हरकत काय?"

नूमानं घाम पुसला. मग म्हणाला, "घराण्याची अब्रू." न्यायाधीशांनी मान डोलावली. अर्ज नामंजूर. दहा मिनिटांत सगळं आटोपलं, आणि मी पाठ केलेलं वाक्य मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

ओदिल हातमोजे चढवायला लागली. एक मोजा काही केल्या चढेना. ती रडत नव्हती, मोज्याशी भांडत होती, आणि ते मला बघवेना. मी उभी राहिले.

"साहेब, मी करार केला तर कोणाची सही लागेल?"

"नवऱ्याची."

"नवरा नाही."

"कधी वारले?"

"कधीच नव्हते. एक्कावन्न वर्षांची आहे मी, कोणी केलंच नाही मला."

कारकून फिसकन हसला. साहेबही हसत हसत पुस्तक चाळायला लागले, मग त्यांचं हसू गेलं. "कोणाचीच नाही लागणार, मादमोआझेल."

तीस वर्षं या गावानं माझ्या तोंडावर माझी कीव केली. बिचारी अझेली, राहिली बिचारी. आणि एवढी वर्षं या लग्न झालेल्या बायकांची सही कुचकामी होती, माझी चालत होती. मला कोणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही, ती चूक माझी.

नूमानं माझं कोपर धरलं. "ताई, गप घरी चल. माझ्या घरात राहून हे धंदे चालायचे नाहीत."

"बाबांनी घर दोघांच्या नावानं ठेवलंय, नूमा. तू विसरलास, मीही विसरले होते. हो पुढे."

दुमेन गल्लीत मालकीणबाईंनी दौत पुढे सरकवली. आयुष्यातली पहिली सही करायला मी टाक बुडवला. ओदिलनं कागद घट्ट दाबून धरला.

"खोली कोणाची समजायची?" बाईंनी विचारलं.

"सही माझी, खोली हिची," मी म्हटलं. "आणि माझा भाऊ भांडायला आला, तर त्याला सांगा, आधी माझी परवानगी घेऊन ये."