कपाटामागची मोरी

लाकडी सांगाड्याचं घर पाहायला येणारे लोक आधी भिंती थोपटून बघतात. अशा घरात भिंती नुसत्या भरावाच्या असतात. सगळा भार सागवानी खांबांवर आणि त्यांच्यावरच्या तुळयांवर. महाल भागातल्या भैयाजींच्या घराच्या सांध्यांत एक लोखंडी खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. शंभरावर वर्षं ते ताठ उभं आहे. मालकाबद्दल मला असं चांगलं काही लिहिता येणार नाही.

त्या घराच्या माडीवर, मागच्या दोन खणांत आम्ही भाड्याने राहत होतो. आई, बाबा आणि मी. संडास खाली, मागच्या अंगणात. जिना उभा, अंधारा, धरायला एक दोर. आईला मूत्रपिंडाचं दुखणं जडलं, पाय सुजले, आणि तिला दिवसातून कितीदा तरी तो जिना उतरावा लागे. वर एक छोटी मोरी बांधू द्या, खर्च आम्ही करतो, असं ती भैयाजींकडे मागायला गेली तेव्हा मी तिचा पदर धरून उभी होते. भैयाजींनी मानसुद्धा वर केली नाही.

"लाकडाले ओल चालत नाही, शोभाताई. घर सडून जाईन माह्यं."

मी शाळेत असताना आई त्या जिन्यावरून पडली. कमरेचं हाड मोडलं. ती पुन्हा उठली नाही आणि काही महिन्यांत गेली. महिना उलटायच्या आत भैयाजींनी आमच्याकडून खोल्या रिकाम्या करून घेतल्या.

मी वास्तुशिल्पी झाले, जुन्या इमारतींचं काम करू लागले, शहराच्या वारसा समितीवर गेले. संरक्षित घरांच्या यादीत भैयाजींचं घर मीच सुचवलं. बिल्डरशी त्यांचं बोलणं पक्कं होत आलं होतं. यादी निघाली आणि बिल्डर पळाला. घर त्या यादीच्या लायकीचं होतंच, त्यामुळे मला खोटं काही करावं लागलं नाही. पण मी ते घरासाठी केलं असं म्हणणार नाही. भैयाजींचा हात दगडाखाली अडकवायचा होता, तो अडकला.

मग त्यांचा अर्ज आला. माडीवर संडास-बाथरूम बांधायची परवानगी हवी. पाहणीला मी स्वतः गेले. लग्नानंतरचं आडनाव, चष्मा, पिकलेले केस. मला कोणी ओळखलं नाही.

भैयाजी माडीवरच पलंगावर बसले होते. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. खालच्या मजल्यावर बॅगांचं दुकान, तो भाडेकरू काही केल्या हलत नव्हता. ते ऐकून मला गोड वाटलं.

"जिना उतरनं होत नाही आता, मॅडम," ते म्हणाले. "दुर्गेश धरून नेते. तो कामाले गेला का मी पाणीच पीत नाही."

मी इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं. "लाकडाला ओल चालत नाही, भैयाजी. घर सडेल."

ते चपापतील, माझ्याकडे निरखून बघतील, अशी माझी कल्पना. त्यांनी नुसती मान डोलावली. "बराबर आहे तुमचं," म्हणाले. त्यांना काहीही आठवत नव्हतं. माझा भयंकर संताप झाला.

तेवढ्यात त्यांचा मुलगा दुर्गेश पुढे आला. "मॅडम, हे पहा न. इथं पहिलेपासूनच मोरी होती. मंग तर परवानगी भेटन?"

त्याने भिंतीला लागून असलेलं जड कपाट सरकवलं. मागे मोरी होती. खाली दोन तुळया जोडून टाकलेल्या, वर दगडी फरशी, चहूकडे चुन्याचा काठ, आणि पाणी थेट भिंतीबाहेर फेकणारी तोटी. लाकडाला थेंब लागू नये अशी बेतलेली. मी तुळईला किल्ली टोचून पाहिली. खणखणीत, कोरडी. तिच्यामागची भिंत आमच्या खोलीची. आई तिथेच, भिंतीच्या पलीकडे निजत असे.

"ही बंद केव्हा केली?" मी विचारलं.

"मीच केली," भैयाजी सहज म्हणाले. "मांगं एक भाडेकरू बाई होती. बिमार राहे. मोरी मांगून राहिली होती. हे दिसली असती तर वापरू द्या म्हनली असती, अन् भाडेकरूले एकदा सोय देली का तो हक्क सांगते. म्हनून कपाट लावलं."

"ती माझी आई. शोभाताई."

भैयाजींनी आता मला निरखून पाहिलं. मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी... लय लागलं होतं का त्याइले?"

म्हातारा रडत होता. आणि मला उपाय माहीत होता. मागच्या अंगणातून वेगळा लोखंडी सांगाडा उभा करून माडीला लागून संडास देता येतो. घराच्या एका खांबालाही धक्का लागत नाही. समिती असं नेहमी मंजूर करते. मी आजवर अनेकांना तो सुचवला होता. इतक्या वर्षांचा राग त्या एका प्रश्नाने कसा कोण जाणे सैल पडला. मी पिशवीतून कागद काढला, आकृती काढून दाखवावी म्हणून.

"मले आवाज आला होता," भैयाजी म्हणाले. "मी खालीच बसलो होतो. त्या हाका मारून राहिल्या होत्या. उठलो असतो, पन दवाखान्याचं लचांड आपल्या गळ्यात पडन म्हनलं. म्हनून नाही उठलो."

मी कागदावर लिहिलं: माडीवरची मोरी मूळ बांधणीतली व दुर्मिळ. आहे तशी जतन करावी. पाण्याचा वापर करू नये. नवीन बांधकामास परवानगी नाही.

"मॅडम, दुसरा काही उपाय असन न?" दुर्गेशने विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि त्याच्यासमोर सही केली.