फ्रान्सचं पथ्य

"राहिलेली अर्धी कुणाला ठेवलीस?" ताटलीतल्या अर्ध्या भाकरीकडं बघत चंद्रप्पांनी विचारलं.

"कुणाला नाही. तुमची तेवढीच आहे."

"ताटलीबी अर्धीच दिसायली."

नीलम्मानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. महिन्यापूर्वी तिनं घरातली जेवणाची ताटं माळ्यावर टाकली होती आणि पोरांच्या खेळातल्या वाटाव्यात अशा दोन ताटल्या आणल्या होत्या. लहान ताटलीत थोडं अन्नही भरल्यासारखं दिसतं, असं लेखात होतं. तो लेख एका मासिकात आलेला, पुण्याच्या कुणा डॉक्टरानं फ्रान्समध्ये दोन वर्षं काढून लिहिलेला. तिकडची माणसं लोणी खातात, तरी सुटत नाहीत. का, तर ती ठरल्या वेळी खातात, सावकाश खातात, अधेमधे तोंड चालवत नाहीत आणि पोट भरायच्या आत उठतात. नीलम्मा कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. वर्षाकाठी शे-सव्वाशे पुस्तकं तिच्या डोळ्यांखालून जात. पण या चार पानांइतकं दुसरं काही तिनं पाठ केलं नव्हतं. ती पानं कापून तिनं स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली होती.

"त्या मधल्या पानाला भोक कशानं पडलं?"

"लायब्ररीत उंदीर झालेत."

"उंदरानं चौकोनी कुरतडलं? शिकलेला दिसतोय." चंद्रप्पांनी घास मोडला. "आमचा डायवर दस्तगीर म्हणत होता, फ्रान्सात जेवताना दारू पितेत. तेवढंच नेमकं उंदरानं खाल्लं व्हय?"

"अप्पा, जेवा. वीस मिनिटं लागली पाहिजेत."

"अर्ध्या भाकरीला वीस मिनिटं. फ्रान्सात टंचाई शाखा नसंल."

चंद्रप्पा कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेत अव्वल कारकून होते. लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादहून दप्तरांचे गठ्ठे ट्रकात घालून आणणाऱ्यांत तेही होते. त्याच वर्षी, नव्या बिऱ्हाडातलं सामान अजून नीट लागलंही नव्हतं, तेव्हा नीलम्माची आई, गौरम्मा, गेली. दम लागतोय म्हणाली, भिंतीला टेकली आणि तशीच राहिली. डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितलेलं पथ्य तिनं एक दिवसही पाळलं नव्हतं. त्यानंतर नवऱ्याला दुसऱ्याच्या हातचं खायची सवय लागली. जिल्ह्याचे पहिले पावसाळे बरे गेले, पुढचे दोन कोरडे गेले. चंद्रप्पा जीप घेऊन गावोगाव हिंडू लागले. विहिरीचा तळ बघायचा, टँकरच्या खेपा लिहायच्या, आणि ज्याच्या दारात बसतील तिथं तो जे पुढं ठेवील ते खायचं. आता दोन जिने चढले की त्यांना धाप लागे. डॉक्टरांनी वजन उतरवा म्हटलं होतं.

पहिल्या आठवड्यातच बापलेकीचं वाजलं होतं. लेखात होतं, शेवटचा घास ताटात राहू द्यावा. चंद्रप्पांनी कानावर हात ठेवले. गळ्यात इष्टलिंग बांधलेला लिंगायत माणूस. पानात पडलेला कण न् कण त्यांना प्रसाद. जेवण झालं की ते ताटात पाणी घालून बोटांनी ताट धूत आणि ते पाणी पिऊन टाकत. लहानपणापासून तसंच.

"घास टाकायला मी काय सावकार हाय?" ते म्हणाले होते. "वाढलेलं टाकायचं न्हाई."

"मग घरी मी कमी वाढते. गावात काय कराल?"

"गावात दोनबी भाकरी वाढतेत, तीनबी."

"म्हणजे घेतलं की सगळं संपवणार."

"हाव."

"तर मग घ्यायचंच नाही. हात जोडायचे आणि उठायचं."

त्यांनी मान हलवली होती. ती मान किती खरी, ते नीलम्माला लवकरच कळलं. शर्टाच्या खिशात भज्यांचा तेलकट कागद निघाला. पाणीटंचाईच्या फायलीत चिवड्याचे शेंगदाणे सापडले. ती बोलली की ते हसत. हसले की तिच्या अंगाचा तिळपापड होई. डबा देताना ती बजावे: एक वाजता खायचा, नाहीतर थेट रात्री, अधेमधे काही नाही. आणि ते म्हणत, "तुझी आज्ञा."

मग एके दिवशी सकाळी त्यांचा सदरा धुवायला घेताना खिशात जिलबीचा तुकडा लागला. कागदात गुंडाळलेला, मुंग्यांनी भरलेला.

"हे काय?"

"अगं, गफूरच्या नातवाचं बारसं—"

"कुणाचं काय असतं ते मला सांगू नका." तिचा आवाज चढला. "मी महिनाभर काय घसा फोडायलेय? तुम्हाला माझं काही ऐकायचंच नाही. खा. सगळ्या जिल्ह्याचं खा. आणि एक दिवस..."

चंद्रप्पा चप्पल घालत होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, या वेळी हसले नाहीत.

"बरं बाई. आज कुणाचं काईच घेत न्हाई. शब्द."

बाहेर दस्तगीरनं जीपचा हॉर्न वाजवला. ते डबा घेऊन गेले. ती निरोपाला दाराशी आली नाही. कपडे पिळत राहिली. पाणी दोन बादल्याच होतं, ते सांडू द्यायचं नव्हतं.

साडेचारला कचेरीतला शिपाई ग्रंथालयात आला आणि काउंटरपाशी उभा राहून पुस्तकांकडंच बघत राहिला. तेवढ्यानंच तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्पांना लिंगायतांच्या दफनभूमीत, गौरम्माच्या शेजारी, मांडी घालून बसवलं. भस्म आणि बेलाच्या पानांखाली ते दिसेनासे झाले.

मग दस्तगीर आला. उंबऱ्याबाहेरच बसला. तिनं खोदून खोदून विचारल्यावर एकेक सांगू लागला.

"निलंग्याच्या पुढं, गावातल्या विहिरीवर भांडण पेटलं होतं, ताई. दोन आळ्या. टँकर कुठं रिता करायचा म्हणून. साहेब मधी उभे. ते मिटायला अडीच वाजले. मी म्हटलं, साहेब, डबा खा. तर म्हणले, एकचा टाइम गेला रे, आता एकदम रात्री. मी म्हटलं, ताई काय बघायली इथं? म्हणले, बघत न्हाई म्हणून तर."

"डबा?"

"तसाच जीपमधी राहिला. मग तिथल्या अमीरबीच्या दारात टेकले. तिनं भाकर आणली, न्हाई म्हणले. पाणी तेवढं घेतलं. जीपकडं यायला उठले, अन् खाली बसले." तो थांबला. "डॉक्टर म्हणला, जेवले असते तरी तेच झालं असतं. ते ध्यानात ठेवा, ताई."

तिनं ध्यानात ठेवलं. आठ दिवस ती तेच वाक्य स्वतःला सांगत होती आणि आठही दिवस ते तिला पटलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारावरून तिनं ती चार पानं खरवडून काढली. भेटायला येणारे म्हणत, कसा देवमाणूस, कधी कुणाला न्हाई म्हणला न्हाई. ती मान हलवे.

नवव्या दिवशी दुपारी एक म्हातारी दारात आली. पाणी भरायला लातूरला आलेल्या रिकाम्या टँकरवर, ड्रायव्हरच्या शेजारी बसून आली होती. डोक्यावरून पदर, धुळीनं पांढरे झालेले पाय. हातात फडक्यात बांधलेलं काही नव्हतं, नुसतेच हात होते.

"चंद्रप्पा साहेबाचं घर हेच का, बेटी? मी अमीरबी."

नीलम्मानं तिला आत घेतलं. म्हातारी सतरंजीवर बसली नाही, भिंतीकडेला फरशीवर बसली.

"एक विचारायला आले. विचारू का नको, आठ दिवस तेच." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दोन दुष्काळ माझ्या दारात बसले साहेब. चाय घेतला, चटणी-भाकर खाल्ली. पहिल्या वक्ताला मीच म्हटलं, साहेब, मुसलमानाचं घर हाय. तर म्हणले, प्रसादाला जात नसती, आण. अन् त्या दिवशी ताट पुढं केलं तर हात जोडले. गावातले म्हणायलेत, मरणाच्या वक्ताला माणसाला धरम आठवतो, म्हणून तुझं न्हाई घेतलं. तसं हाय का, बेटी?"

"नाही."

"खरं सांग. मला वाईट न्हाई वाटणार. माझ्या दारातून माणूस उपाशी गेला. का गेला, तेवढं कळू दे."

"तसं न्हाई, अम्मा. मीच मना केलं होतं. कुणाचंच घेऊ नका म्हटलं होतं. अन् तुमचं ताट घेतलं असतं, तर त्यातलं अर्धं टाकणं त्यांच्यानं झालं नसतं. म्हणून घेतलंच न्हाई त्यांनी."

अमीरबीनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग तिचे खांदे सैल झाले.

"मग तसंच म्हणले ते," ती म्हणाली. "मी समजले, बहाणा सांगायलेत. म्हणले, माझी पोरगी लई रागीट हाय अमीरबी, लई राग करती माझा, आज न्हाई खात. असं म्हणले. हसले पण."

नीलम्मा उठून पाणी आणायला निघाली होती. ती दारातच थांबली. परत आली. म्हातारीसमोर खाली फरशीवर बसली.

"राग न्हवता, अम्मा," ती म्हणाली. "भ्या होतं. आई गेली तसं अप्पाबी जातील, ह्याचं लई भ्या वाटायचं मला. रोज वाटायचं. ते मी त्यांना कधी सांगितलंच न्हाई."