केसाएवढी फट

चामड्याची जाडी मी नुसत्या नजरेनं सांगतो. घोड्यांचा साज शिवण्यात तीस वर्षं गेली, तेवढं तर यायलाच हवं. आमच्या ओहायोतल्या, अजून घोडागाडीवरच चालणाऱ्या ख्रिस्ती वस्तीत सगळ्यांना या नजरेचं भारी कौतुक. मला नाही.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीला नवा उपदेशक हवा होता. आमच्याकडे कुणी शिकून उपदेशक होत नाही आणि हौसेनं तर नाहीच नाही. एकेक जण दाराच्या फटीतून बिशपच्या कानात नाव सांगतो. तीन मतं पडली की तो माणूस अडकला. मग अशी अडकलेली जितकी माणसं तितकी भजनांची पुस्तकं टेबलावर मांडायची, प्रत्येकाला रबर लावून. एकात चिठ्ठी असते. वयानं मोठा तो आधी उचलतो. चिठ्ठी निघाली की देवानं बोलावलं. नाही म्हणायची सोय नाही, बाप्तिस्म्याच्या वेळीच तसा शब्द दिलेला असतो. मग मरेपर्यंत सुटका नाही.

त्या दिवशी पहिला मी होतो. डावीकडून तिसऱ्या पुस्तकाच्या कडेला केसाएवढी फट दिसली, आत कागद असल्यासारखी. माझा हात त्यावर थांबला आणि पुढे सरकून चौथ्यावर गेला. तिसरं माझ्या मागच्या एनोस गिंगरिचनं उचललं. एनोस माझा लहानपणापासूनचा दोस्त. बिशपनी चिठ्ठी बाहेर काढली तेव्हा तो हमसून हमसून रडला. मीही रडलो. लोकांना वाटलं, दोस्तासाठी.

एनोस मुलखाचा बुजरा. चार माणसांत बोलायचं म्हटलं की तो दार शोधायचा. उपदेशाच्या आदल्या दिवशी तो माझ्या दुकानात येऊन बसायचा.

"मॅलन, देवानं माझ्यात काय पाहिलं रे?"

"ते त्यालाच विचार," असं म्हणत मी टाका घालायचो.

"विचारलं ना. तोही तुझ्यासारखाच आहे. मान वर करत नाही."

अकरा वर्षं हेच. दर वेळी सांगावंसं वाटायचं, दर वेळी पुढच्या खेपेवर ढकलायचो. गेल्या हिवाळ्यात एनोस झोपेतच गेला आणि सांगायला कुणी उरलंच नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली, पण तेव्हाही मी इतका एकटा नव्हतो. दुकानात दिवसभर माझाच श्वास मला ऐकू यायचा.

एप्रिलमध्ये त्याच्या जागी नवा माणूस निवडायचं ठरलं. त्या सकाळी घोडी बांधताना शेजारचा योस्ट मास्ट म्हणाला, "मॅलन, आज दाढी विस्कटून यायचं होतंस. नीटनेटक्या माणसाला मतं फार पडतात."

"पडू देत," मी म्हणालो.

योस्टचं हसू मावळलं. आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही.

पाच जणांना पुरेशी मतं पडली. सगळ्यांत थोरला मी आणि सगळ्यांत धाकटा माझाच मुलगा रूबेन. वय सव्वीस, घरी तीन आठवड्यांचं बाळ.

मी टेबलाशी गेलो. दुसऱ्या पुस्तकाला फट होती. तशीच, केसाएवढी. मी ते चटकन उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. एनोस, बघ, या वेळी पळालो नाही, असं मनात म्हणालो. फार दिवसांनी हलकं वाटलं.

बिशपनी रबर काढलं, पानं उलटली. काही नव्हतं. पुस्तकाची बांधणी सैल झाली होती, एवढंच. दुसऱ्याचं रिकामं. तिसऱ्याचं रिकामं. चौथंही रिकामं निघालं तेव्हा रूबेननं आपलं पुस्तक बिशपनी उघडायच्या आधीच डोळे मिटून घेतले.

सून बायकांच्या बाकावर बाळाला धरून रडत होती. योस्टनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "चला, तू तरी सुटलास." मला तिथं उभं राहवेना.

रूबेन तबेल्यात सापडला, घोडीच्या मानेत तोंड खुपसून उभा.

"बाबा, देवानं माझ्यात काय पाहिलं?"

माझ्या हातात लगाम होता. शिवण उसवलीय का, हे बघायला मी मान खाली घातलीच होती. मग लगाम खुंटीला अडकवला.

"तुझ्यात काय पाहिलं ते मला ठाऊक नाही. पण एनोसकाकाच्या हातात ते पुस्तक कसं गेलं, ते ठाऊक आहे."

मी सगळं सांगितलं. तेव्हाचं तिसरं पुस्तक, आजचं दुसरं. तेव्हा मला नको होतं, आज हवं होतं. दोन्ही वेळा देवाला विचारलं नाही, हेही सांगितलं.

रूबेन घोडीला सोडून माझ्याकडे वळला.

"काकांना सांगितलं होतंत?"

"नाही."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. खुंटीवरचा लगाम काढून घोडीला चढवला, पट्टा ओढून पाहिला.

"मी पहिल्यांदा बोलायला उभा राहीन ना, त्या दिवशी पुढच्या बाकावर बसा. अगदी माझ्या समोर," तो म्हणाला. "आणि बाबा, मान खाली घालायची नाही."