पहाटे तीनचा शिक्का

आई महिनाभर अंथरुणाला खिळून होती आणि लेक तिच्या उशाशी लॅपटॉप घेऊन बसली होती, कंपनीला न सांगता. सांगणार कशी? ग्राहकांची माहिती देशाबाहेर न्यायची नाही, म्हणून काम घेऊन माणसानंही देशाबाहेर जायचं नाही, असा कंपनीचा नियम. पकडली गेली तर नोकरी जाणार, परत गेली तर आईची शेवटची भेट हुकणार. हिशेब सरळ होता. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती रडली नाही.

बाई मात्र पक्की. प्रोग्रामरनं काम जमा केलं की दर वेळी त्यावर शिक्का बसतो: कुणी केलं, किती वाजता केलं, आणि ते घड्याळ जगातल्या कुठल्या भागाचं. हे शेवटचं बहुतेकांच्या गावीही नसतं. त्यावरून माणूस कुठे बसलाय ते कळतं, सगळ्यांनी एकच वेळ ठेवू या, असं टीमला तिनंच एकदा घसा कोरडा करून सांगितलं होतं.

"तू काय गुप्तहेर आहेस का गं?" टीमप्रमुख हसला होता. त्याला सगळे दादा म्हणत.

तेव्हा आता तिनं आईच्या देशाला निघतानाच लॅपटॉपचं घड्याळ ऑफिसच्या वेळेवर पक्कं करून टाकलं. इंटरनेटही तिकडच्या घरातल्या यंत्रावरून फिरवून आणलं. कुठे फट म्हणून ठेवली नाही.

आईच्या रात्री वाईट जात. पाणी दे, कूस बदल, दिवा लाव, नको, घालव. दुपारी तिला जरा डोळा लागे, तेवढ्यात लेक भराभर काम उरकून जमा करी. मीटिंगला कॅमेरा बंद. सर्दीचं निमित्त आता शिळं झालं होतं.

एका संध्याकाळी दादाचा फोन आला.

"दार उघड."

"कुठलं दार?"

"तुझं, आणखी कुणाचं? ऑफिसला जाता जाता आलोय. बेल वाजवून बोट दुखलं माझं! तुझे शिक्के बघतोय मी. रोज पहाटे तीन, चार. झोपतेस की नाही? काही झालंय का तुला? गरम सूप आणलंय, उघड आधी."

हात्तिच्या! ठिकाण झाकलं, तास उघडेच राहिले. इथली दुपार म्हणजे तिथली पहाट. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी ही, आणि एवढं साधं तिच्या डोक्यात आलं नाही.

बाहेर आहे, मैत्रिणीकडे आहे, काहीही ठोकून देता आलं असतं. पण माणूस दारात डबा घेऊन उभा होता.

"दादा, मी आईकडे आहे. तिचे थोडेच दिवस राहिलेत."

पलीकडे डबा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अगं वेडे, आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर?"

"तर तेव्हाच नाही म्हटलं असतं," तो खरं बोलला. "आता कळलंय म्हटल्यावर वर सांगणं भाग आहे मला. परत येतेस?"

तिनं आईकडे पाहिलं. "नाही."

"मग संध्याकाळी तुझं ऑफिसचं खातं बंद होईल."

"कुठल्या संध्याकाळी? इथे झालीसुद्धा."

"इथल्या," तो म्हणाला. "आणि मला आज ऑफिसला पोचायला उशीर होणार आहे. डबा तुझ्या शेजाऱ्यांना देतो."

तिनं हातातलं काम पूर्ण केलं, दुसऱ्याला कळेल अशा टिपा लिहिल्या. मग घड्याळ आईच्या घरच्या वेळेवर आणलं आणि जमा केलं. महिन्यातला पहिला खरा शिक्का बसला.

"झालं का गं काम?" आईनं डोळे न उघडता विचारलं.

"झालं."

"मग ये, बस जरा."

लॅपटॉप मिटून ती आईजवळ सरकली आणि आता मात्र पोटभर रडली.