मखमलीची लव

गादीवाल्याचा जन्म दुसऱ्यांच्या बैठका शिवण्यात सरला. जुना सोफा उसवायचा, आतला कुजका काथ्या उपसायचा, पट्टे ताणायचे, फोम बसवायचा, वर नवं कापड चढवायचं आणि ज्याचं त्याला पोचतं करायचं. स्वतःच्या घरी लोखंडी खुर्च्या. बायको म्हणायची, "जगाच्या पाठी टेकवता हो तुम्ही, आणि आमच्या पाठीला वळ!"

शेवटी त्यानं स्वतःसाठी एक सोफा शिवला. सायीच्या रंगाची मखमल आणली. मखमलीची लव एकाच अंगाला वाहिली पाहिजे, नाहीतर एका कापडाचे दोन रंग दिसतात. म्हणून एकेक तुकडा निरखून बेतला. त्यापायी कितीतरी रविवार चर्चमध्ये उपासनेला गेला नाही. पाळकसाहेबांनी वाटेत अडवलं, तर म्हणाला, "प्रभू समजून घेईल, साहेब." ते वाक्य त्याचं त्यालाच मऊ वाटलं. दाबावं तिथं दबणारं.

सोफा आला, खुर्च्या भंगारात गेल्या. उन्हानं रंग उडू नये म्हणून खिडकीला जाड पडदा लागला. शेजारीण आली तरी तिला मागच्या खोलीत चटई. बायको हसून म्हणायची, "मखमलशेठ, याच्यावर बसायचं कुणी? देवदूतांनी?" मग पुढंपुढं तिचं हसू उणं होत गेलं.

त्याच सुमाराला दादा दवाखान्यातून सुटला. दादा रंगारी. बाप लवकर गेला, तेव्हापासून जगाच्या भिंती रंगवत त्यानं धाकट्या भावाला वाढवलं. स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. रंगाच्या वाफांनी छाती पोखरली होती. डॉक्टर म्हणाले, आता एकट्यानं राहायचं नाही.

"पुढच्या खोलीत हवा येते, तिथंच निजू देत त्यांना," बायको म्हणाली.

"निजू देत की. आपलाच दादा आहे," गादीवाला म्हणाला. आणि दादा यायच्या आधी त्यानं सोफ्यावर प्लास्टिक अंथरलं.

दादाचं अंथरूण जमिनीवर पडलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. सोफ्याकडे पाहून म्हणाला, "लहान्या, राजाचं काम केलंस रे! आई असती तर भीतभीत हात लावून पाहिला असता."

संध्याकाळी कुटुंबाची प्रार्थना. त्या घरात एकमेकांकडे तोंड करून प्रार्थना करत नसत. ज्यानं त्यानं आपापल्या खुर्चीकडे वळायचं, गुडघे टेकायचे, बैठकीवर कोपरं ठेवून ओंजळीत तोंड झाकायचं. आईची शिस्त होती ती. केर काढता काढता ती आपलं आपणच गुणगुणायची:

दार असावं उघडं, पाय पुसायला लावू नये
देव अनवाणी येतो, त्याला उंबरा अडू नये

खुर्च्या आता नव्हत्याच. म्हणून तिघंही सोफ्याकडे वळले. प्लास्टिक चुरचुरू लागलं, तसं दादानं ते सहज बाजूला सारलं आणि मखमलीवर कोपरं रोवली.

"प्रभू," दादा म्हणाला, "माझ्या लहान्याला तू घर दिलंस. त्याच्या हातांना कला दिलीस. माझं आता थोडकं राहिलंय, ते याच्या सावलीत जाऊ दे…"

गादीवाला बोटांच्या फटीतून पाहत होता. कोपरं रुतत होती. लव मोडत होती. एवढ्यात दादाला खोकल्याची उबळ आली आणि सायीच्या रंगावर एक तांबूस थेंब पडला.

"दादा, सरक! सरक जरा!"

"अहो, आमेन तरी होऊ द्या!" बायको ओरडली.

तोवर तो ओलं फडकं घेऊन आला होता. गुडघ्यांवर बसून, तोंड मखमलीशी नेऊन, हलक्या हातानं डाग टिपत होता, फुंकर घालत होता, लव बोटानं सरळ करत होता. इतक्या मायेनं त्यानं आजाऱ्याचं कपाळही कधी पुसलं नव्हतं. दादा भिंतीला टेकून धापा टाकत बघत राहिला.

"तुझं चालू दे, लहान्या," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तू गुडघे टेकलेस, मी मध्ये बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी चहा घेताना दादानंच विषय काढला. चर्चच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी होती. "तिथं माझ्या वयाची माणसं आहेत. खोकायला सोबत मिळेल."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. "अडवा ना त्यांना."

"दादाची मर्जी," गादीवाला कपाकडे बघत म्हणाला.

त्या दिवसापासून ती मोरीजवळ एकटीच प्रार्थना करू लागली. डाग गेला होता. लवही वाफेनं उभी केली होती. गादीवाला एकटा सोफ्यापुढं गुडघे टेकायचा, तर ओठांवर शब्दच येईना. प्रभूचं नाव घ्यावं आणि मिटल्या डोळ्यांपुढं मखमल पसरावी. तो घाबरला. आपण हाक मारतो ती कुणाला, हेच त्याला कळेनासं झालं. एका दुपारी तो उठला आणि थेट वृद्धाश्रमात गेला.

लांबट खोली, ओळीनं खाटा. दादा उशाशी टेकून बसला होता, पार वाळला होता.

"दादा, घरी चल. सोफा विकून टाकतो."

दादाचे डोळे भरून आले. "वेडा आहेस का? नको रे. मी इथं बरा आहे."

आणि गादीवाल्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. अगदी खरोखर उतरला; श्वास मोकळा झाला, खांदे सैल पडले. मग त्या मोकळ्या श्वासाचीच त्याला भीती वाटली, कारण तो कशामुळे मोकळा झाला ते त्याला लख्ख दिसलं.

पहिल्या बोलावण्याला दादा नेहमी नाही म्हणायचा. जेवायला बोलवा, लग्नाला बोलवा, आधी "नको रे" आणि दुसऱ्यांदा म्हटलं की चपला पायात. लहानपणापासून गादीवाल्याला हे ठाऊक होतं. दादा त्याच्या तोंडाकडे पाहत होता. एक हात खाटेच्या कडेवर ठेवलेला, उठायला टेकू घ्यावा तसा.

गादीवाल्यानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता, लहानसा, "चल" एवढाच.

"औषधं वेळेवर घेत जा," तो म्हणाला.

दादानं खाटेवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "घेतो," म्हणाला. "तू नीट जा. ऊन फार आहे."