वाचा गेलेली लेक

प्रमोदिनीनं चातुर्मासाचा नेम धरला तो पुरता विचार करून. आई होती तेव्हा कधी वांगं सोडायची, कधी चार महिने पानावर जेवायची. प्रमोदिनीला असं वरवरचं नको होतं. पुण्याहून बेंगळुरूला आल्यापासून कम्प्युटरच्या नोकरीत ती रवीखालच्या ताकासारखी घुसळून निघाली होती. नवरा, श्रीरंग, कंपनीच्या कामासाठी वर्षभर अमेरिकेत. दिवस येतात नि जातात, आपण त्यात कुठं आहोत? ऑफिसातल्या एका शिबिरात कुणीसं म्हणालं, दिवसाचा एक तुकडा तरी जाणतेपणानं जगावा. झालं. तिनं ठरवलं, दिवेलागणीनंतर मौन. उजाडेपर्यंत तोंडातून शब्द नाही.

जे. पी. नगरच्या त्या घरात तिच्याखेरीज एकच माणूस, तिचे वडील दामोदरअण्णा. साताऱ्याकडं एस.टी.त कंडक्टर म्हणून त्यांची उभी हयात गेलेली. आई गेल्यावर तिनंच हट्टानं त्यांना आणलं होतं. कानडी त्यांना कळेना आणि इंग्रजीशी तर जन्माचं वाकडं.

"नेम मोठा धरलास, पोरी," ते म्हणाले. "आता मोडू नको म्हंजे झालं."

तो मोडला नाही. सकाळी कंपनीची बस गाठायची घाई. "अण्णा, गोळी घ्या, आमटी झाकून ठेवलीय," एवढंच बोलणं. सांजेला ती यायची ओठ मिटून. दोघं समोरासमोर जेवायला बसत. पहिले काही दिवस अण्णा बोलायला जायचे, "आज काय झालं म्हाईताय का..." आणि मग स्वतःच जीभ चावायचे, "हां हां, नेम हाय." पुढं तेही गप्प झाले. तिला ती शांतता गोड लागे. "आता कुठं मला घासाची चव कळायला लागलीय," असं ती ऑफिसात सांगायची आणि मैत्रिणी कौतुकानं माना डोलवायच्या.

श्रावणातल्या एका शनिवारी ब्लाउज शिवायला टाकायचे म्हणून ती बेंगळुरूच्या शिवाजीनगरला गेली. बसस्टँडमागच्या गल्लीत विठोजी नावाचे जुने मराठी शिंपी आहेत, चार पिढ्या इथंच, असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. दुकान सापडलं. दाराला अर्धा पडदा होता. पडद्याला हात लावणार, तोच आतून आवाज आला आणि तिचा हात तिथंच राहिला.

"...म्हातारी चढली गाडीत, डोक्यावर गाठोडं. म्हटलं, म्हातारे, कुठं? तर तिकीट राहिलं बाजूला, तिनं गाणंच लावलं!

लेकीच्या गावा जाता, वाट वाटंना लांब गं,
दारी तिच्या उभा ऱ्हाता, पाय म्हणं मला थांब गं.

आख्खी गाडी गप्प! डायव्हरनं हॉर्न द्यायचा सोडला!"

आत हशा पिकला. अण्णांचा आवाज असा खणखणीत तिनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. जे. पी. नगरहून इतक्या लांब, बसची पाटीसुद्धा वाचता येत नाही, ते इथं कसे आले?

"अण्णा, एकदा आणा की हो पोरीला," एक बाईमाणूस म्हणालं. "वाचा नाही म्हणून काय झालं? ऐकू तर येतंय ना?"

"येतं येतं. ऐकू चांगलं येतं." अण्णा म्हणाले, "ल्हानपणी ताप आला, त्यात वाचा गेली. पण पोरगी गुणाची. कम्प्युटर चालवती."

प्रमोदिनीच्या अंगावर कुणी चुलीतली राख ओतावी तसं झालं. मागं फिरावं म्हणून ती वळली, पण पडदा हलला होता.

"या अक्का, या!" मशीनवरून विठोजींनी हाक दिली. "काय शिवायचंय?"

अण्णांनी मान वर केली. गाडीत अचानक तपासनीस चढावा आणि एक तिकीट कमी भरावं, तशी त्यांची मुद्रा झाली.

"हीच," ते कसेबसे म्हणाले. "हीच माझी प्रमोदिनी."

तिनं तोंड उघडलं. एक शब्द, फक्त एक, की या दुकानात अण्णा खोटे ठरणार. मग कुठल्या तोंडानं बसतील ते या बाकावर? अख्ख्या शहरात त्यांना बसायला दुसरी जागा तरी कुठली?

तिनं तोंड मिटलं.

विठोजींची बायको हेमावती काजं करायची सुई ठेवून उठली. तिनं प्रमोदिनीचा हात धरून खुर्चीत बसवलं आणि बहिऱ्याशी बोलावं तशी मोठ्यानं, सावकाश बोलू लागली, "गळा केवढा? एवढा? की स्वल्प खाली?" प्रमोदिनीनं बोटानं दाखवलं. "सरी, सरी, कळलं!" हेमावतीला केवढा आनंद झाला. कॉफी आली, गरम बोंडे आले. "आमच्या सुनेला मी सांगते बघा, अण्णांची लेक वाचा नसून नोकरी करते, आणि तू वाचा असून नुसती भांडतेस!"

सगळे हसले. प्रमोदिनीही हसली. हेमावतीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्या हाताची माया तिला चोरीच्या दागिन्यासारखी जड झाली.

बसस्टँडवर आल्यावर ती म्हणाली, "अण्णा, असं का सांगितलंत?"

चपलेचा अंगठा सारखा करत अण्णा म्हणाले,

"त्यांनी इचारलं, एवढ्या लांब कशाला येता, घरी लेक न्हाई का बोलायला? काय सांगू मग? लेक हाय, धडधाकट हाय, पण बोलत न्हाई? लोक तुला नावं ठेवतील. वाचा गेली म्हटलं की तुझ्याकडं दोष येत न्हाई."

तिला वाटलं, यापेक्षा त्यांनी चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ज्या गप्प बसण्याचं ती ऑफिसभर कौतुक मिरवत होती, ते झाकायला तिच्या बापानं म्हातारपणी खोटं बोलायला शिकावं?

सांज झाली. तिनं देवापाशी दिवा लावला आणि वरण वाढता वाढता म्हणाली, "अण्णा, आजपासून मौन नाही. त्या म्हातारीचं पुढं काय झालं?"

"कुठल्या?"

"गाठोडंवाल्या."

"ती व्हय." अण्णांनी भात कालवला. "सांगून झाली की ती दुपारी. आज लई बोललो बाई. घसा बसला."

आणि ते मुकाट जेवू लागले. मुद्दाम नव्हे, रागानं तर नव्हेच. दिवसभराचं बोलणं ज्यांना द्यायचं त्यांना देऊन झालं होतं, इतकंच. प्रमोदिनी ऑफिसातलं काहीबाही सांगत राहिली. ते हं, हं करत होते, परक्या घरच्या पाहुण्यासारखे, आदबीनं. तिचेच शब्द तिला मोडके वाटू लागले.

ताट उचलताना ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी ब्लाउज आणायला मी येऊ तुमच्याबरोबर?"

अण्णा चपापले. "आन् तिथं?"

"तिथं नाही बोलणार. नुसती ऐकेन."

त्यांनी तिच्याकडं निरखून पाहिलं, चेष्टा नाही ना हे बघायला. मग बसल्या जागी ताठ झाले. "मग लवकर निघू. शनिवारची दुकानात गर्दी असती, बाकावर दोघांची जागा धराय लागंल."